आतेसासूबाईंची फौज

जावई सासरी आला की त्याला पाटावर बसवतात, पुरणपोळीवर तुपाची धार धरतात आणि निघताना हातावर काहीतरी ठेवतात. माझ्या हातावर रिकामी प्लास्टिकची बाटली ठेवून, "येताना नाल्यावरून येजा जी जावईबापू. पाणी भरून आणजा, पण वरचं निवळ नको, खालचं गढूळ," असं सांगणारी सासू अख्खा विदर्भ आणि अख्खं छत्तीसगड पालथं घातलं तरी दुसरी सापडायची नाही. नात्यानं त्या माझ्या आतेसासूबाई, म्हणजे बायकोची आत्या. भिलाईत हुडको वसाहतीत एकट्या राहतात. उंचीनं पाच फुटांच्या आत, आवाजानं मात्र मी नोकरी करतो त्या स्टील प्लांटच्या भोंग्याच्या तोडीच्या. त्यांच्यामुळे मी नाले ओळखायला शिकलो. माझ्या वयाची माणसं स्कूटरवरून जाताना देऊळ दिसलं की हात जोडतात. मला नाला दिसला की स्कूटर आपोआप हळू होते.

त्यांची माझी पहिली भेट झाली ती मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा. सेक्टर दोनमधलं सासऱ्यांचं क्वार्टर, समोर पोह्यांच्या बश्या, आमचे काका पत्रिका काढायच्या तयारीत, आणि आतून ही ठेंगणी बाई हातात रबराची नळी आणि सुई घेऊन बाहेर आली. "पत्रिका पंडितजी पायतीन," त्या म्हणाल्या, "रक्त मी पायते. बाही वर करा जी." त्या दवाखान्याच्या लॅबमध्ये टेक्निशियन होत्या हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आमच्या भागात सिकलसेलचा आजार पुष्कळ. नवरा-बायको दोघांच्याही रक्तात तो असला तर लेकरांना आयुष्यभर भोगावं लागतं, हे त्यांनी रोजच्या कामात पाहिलेलं. मी बाही वर केली. दुसऱ्या दिवशी त्यांनी रस्त्यावरूनच, फाटकही न उघडता, "निगेटिव्ह" असं ओरडून सांगितलं. शेजाऱ्यांना वाटलं स्थळ मोडलं. प्रत्यक्षात त्याच शब्दावर माझं लग्न ठरलं.

आत्यांना ठोकळ उत्तर चालत नाही. "बरं वाटतंय" असं म्हटलं की त्या विचारणार, "बरं म्हणजे किती बरं? काल किती होतं?" शेजारच्या वर्मा बाईंनी एकदा सांगितलं की हळदीच्या दुधानं त्यांचा खोकला चार दिवसांत गेला. आत्या म्हणाल्या, "और नहीं पीतीं तो कितने दिन में जाता?" वर्मा बाई महिनाभर बोलल्या नाहीत. पुढे त्याच बाई म्हणाल्या की भजन ऐकवलं तर तुळस चांगली वाढते. आत्यांनी एकाच मापाच्या दोन कुंड्या आणल्या, एकाच मातीत तुळशी लावल्या, एक रेडिओजवळ ठेवली आणि एक मागच्या न्हाणीपाशी. रोज पट्टीनं उंची मोजली. दोन्ही तुळशी सारख्याच वाढल्या. मग त्यांनी न्हाणीपाशी वाढलेली तुळस वर्मा बाईंना भेट दिली आणि ती कुठली हे सांगूनही टाकलं. खोटं बोलणं त्यांना जमत नाही, आणि गप्प बसणं तर त्याहून नाही.

घरातल्या प्रत्येक वस्तूवर चिकटपट्टी आणि तीवर निळ्या शाईनं नाव, वार. लोणच्याच्या बरणीवर वार, दह्याच्या भांड्यावर वार, कणकेच्या डब्यावर वार. एकदा मी हेल्मेट विसरून गेलो. परत घ्यायला आलो तेव्हा त्यावर पट्टी होती: "जावई. रविवार." अक्षर मात्र असं की सगळं आयुष्य लॅबमध्ये गेलेल्या माणसालाच वाचता यावं.

निवृत्त झाल्या तेव्हा त्यांनी निरोपाच्या भेटीत चांदीचा गणपती घेतला नाही. "त्यापेक्षा ह्या झाकणाच्या काचेच्या बश्या द्या, तुमी तं टाकूनच देऊन राहिले," म्हणाल्या आणि मोडीत निघालेल्या चाळीस बश्या रिक्षात घालून घरी आणल्या. त्यांचं काय करणार हे त्यांनाही ठाऊक नसावं. एक-दोन महिने त्या मांडणीवर नुसत्या चकाकत होत्या. मग हुडकोच्या घरामागच्या चतकोर जागेत आत्यांनी बटाटे लावले आणि बश्यांना काम मिळालं.

बटाट्यांची झाडं गुडघाभर झाली होती. एका सकाळी त्यांतली तीन माना टाकून उभी. पानं हिरवीगार, पिवळेपणाचा मागमूस नाही, माती ओली, आणि तरी झाड असं झुकलेलं की जणू कोणी त्याला आठवडाभर पाणीच दिलं नाही. दुसऱ्या कोणी असतं तर हळहळलं असतं. आत्यांनी एक देठ कापला, काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात टांगला आणि समोर पाट मांडून बसल्या. थोड्या वेळानं कापलेल्या टोकातून दुधासारखी पांढरी, केसाएवढी बारीक धार पाण्यात उतरू लागली. आत्यांचा चेहरा उजळला. त्यांनी मला, बायकोला, वर्मा बाईंना, गॅसवाल्यालासुद्धा बोलावून तो ग्लास दाखवला. "हे दूध नोहे जी," त्या सांगत होत्या, "हे जंतू होय. लाखांनी. मातीतून मुळात शिरते, झाडाच्या पाण्याच्या नळ्या बुजवते. झाड तहानेनं मरते, पाण्यात उभं राहून."

या रोगावर दुकानात खात्रीचं औषध मिळत नाही, हे त्यांनी दोन दिवसांत शोधून काढलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला जंतूंचा वैरी समजावला. माणसाला जसे रोग होतात तसे जंतूंनाही होतात. जंतूंहून कितीतरी लहान विषाणू असतात, ते जंतूत शिरतात, आत आपली पिल्लं वाढवतात आणि जंतू फोडून बाहेर पडतात. शिवाय ज्याचा त्याचा वैरी ठरलेला. बटाट्याच्या जंतूला खाणारा ना माणसाला शिवतो ना गांडुळाला. असा वैरी शोधायचा तर जिथं रोग माजलाय तिथंच, सडक्या बटाट्यांत आणि रोगट शेतातून वाहत येणाऱ्या पाण्यात. "जिथं उंदीर तिथं मांजर," आत्या म्हणाल्या. "मांजर शोधाले देवळात कोण जाइन?" शास्त्रात त्याला बॅक्टेरिओफेज म्हणतात. आत्या नुसतं 'फाज' म्हणायच्या.

सडके बटाटे शोधायला त्या सुपेल्याच्या बाजारात जाऊ लागल्या. तिथं शिवनाथ नदीच्या काठच्या एका गावाहून बिसाहिन नावाची बाई भाजी घेऊन बसते. आत्या तिच्या ढिगातले चांगले बटाटे बाजूला सारून गळके, वास मारणारे तेवढे वेचू लागल्या, तेव्हा बिसाहिनला भडभडून आलं. म्हातारी परवडत नाही म्हणून सडकं उचलते आहे, असं तिला वाटलं. तिनं सडक्यांच्या पिशवीत गुपचूप किलोभर चांगले बटाटे घातले. आत्यांनी घरी येऊन पिशवी उघडली आणि चिडल्या. "पाय ना पोरी, किती खराब माल देल्ला," त्या माझ्या बायकोला म्हणाल्या, "निम्मे चांगलेच निघाले." दुसऱ्या दिवशी चांगले बटाटे परत करायला गेल्या. हे असं तीन वेळा झालं. चौथ्या वेळी बिसाहिननं विचारलंच, "सड़े आलू के का करबे, दीदी?" आत्यांनी तिथंच, मिरच्यांच्या टोपलीशेजारी बसून तिला सगळं सांगितलं.

बिसाहिन हसेल असं मला वाटलं होतं. ती हसली नाही. तिच्या बाडीतही, म्हणजे घरालगतच्या भाजीच्या मळ्यात, दोन वर्षं हेच चाललं होतं. आधी बटाटे गेले, मग त्याच जागी वांगी लावली तीही तशीच उभ्या उभ्या गेली. आत्या म्हणाल्या, वांग्या-टमाट्यालाही हाच जंतू मारतो. बिसाहिनचा दीर म्हणत होता की या जमिनीत आता काही होत नाही, यंदाही पीक गेलं तर बाडीची माती वीटभट्टीला देऊन टाकू. बाडी सासूच्या हातची होती. बिसाहिन नवी नवरी म्हणून आली तेव्हापासून तिथं राबत होती. "माटी एक बार गई तो गड्ढा बचही दीदी," ती म्हणाली. त्या दिवसापासून आत्यांचा छंद हा छंद राहिला नाही.

तेव्हापासून माझी बाटली सुरू झाली. बिसाहिनच्या बाडीच्या उताराचं पाणी, तिच्या गावच्या नाल्याचं पाणी, सुपेल्याच्या बाजारामागच्या गटाराचं पाणी. एकदा मी नाल्यात वाकलेला असताना आमच्याच स्टोअर्स खात्यातला एक सहकारी वरून जाताना थांबला. "काही पडलं का साहेब?" त्यानं विचारलं. मी "नाही, सासूबाईंनी पाणी मागवलंय," असं खरं ते सांगितलं. त्यानंतर तो माझ्याशी फार सांभाळून बोलू लागला. "मीच काऊन, आत्याबाई?" असं मी एकदा विचारून पाहिलं. "तुमी घरचे मानूस," त्या म्हणाल्या. "परक्याले असं पाणी आणाले सांगाले लाज वाटते ना जी."

त्यांच्या स्वयंपाकघरात एक कुकर वरणाचा आणि एक बश्यांचा. बश्यांच्या कुकरच्या कानाला लाल चिंधी बांधलेली. बटाट्याचा काढा, चिमूटभर साखर आणि किराणा दुकानातला चायनाग्रास यांची खीर शिजवून त्या बश्यांत ओतायच्या. ती थिजली की तिच्यावर जंतू पेरायच्या आणि वर गाळलेल्या नाल्याच्या पाण्याचा थेंब सोडायच्या. गाळणी रायपूरहून मागवलेली, इतक्या बारीक छिद्रांची की जंतू वर अडकावेत आणि वैरी तेवढा खाली उतरावा. आठवडेच्या आठवडे बश्यांवर नुसती साय धरायची, जंतूंची. मग एके दिवशी सकाळी मी प्लांटमध्ये असताना फोन आला. "लवकर या जी," एवढंच बोलून त्यांनी ठेवला. मी गेटपास काढून, काय झालं असेल या धास्तीनं, हुडकोला पोचलो. आत्या दारातच बशी घेऊन उभ्या. पांढऱ्या सायीवर मोहरीएवढी मोकळी, गोल भोकं पडली होती. "इथं जंतू होते," त्या भोकाकडे बोट करून म्हणाल्या, "आता नाहीत." मी त्यांना इतकं खूश माझ्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

बिसाहिननं 'फाज' हा शब्द पहिल्यांदा ऐकला तो 'फौज' असा, आणि मग तोच राहिला. तिच्या गावात अजूनही सांगतात की भिलाईची दीदी बाटलीत फौज भरून आणते. ती फौज आत्यांच्या फ्रिजमध्ये, शरबताच्या जुन्या बाटल्यांत असायची. दिवाळीआधीच्या उकाड्यात मी एकदा त्यांच्याकडे आलो, फ्रिज उघडला आणि समोर दिसली ती बाटली तोंडाला लावली. वर पट्टी होती, पण अक्षर आत्यांचं. चव पातळ, आळणी सुपासारखी. आत्यांनी पाहिलं. घाबरल्या नाहीत, बाटली उजेडात धरून तिरपी केली. "कपभर पेले," त्या म्हणाल्या. मी विचारलं, आता माझं काय होणार. "तुमाले काही नाही होत. उकळलेल्या काढ्यात वाढवली, वरून गाळली. तुमाले आलूचा रोग होणार नाही एवढं नक्की. पण दोन ओळींची फौज गेली ना जी." आणि त्या खरोखर हिरमुसल्या.

बिसाहिनच्या बाडीत बटाटे लावले तेव्हा आत्यांनी ओळींना फिती बांधल्या. लाल फितीच्या ओळींना फौज, पांढऱ्या फितीच्या ओळींना नुसतं पाणी. पांढऱ्या ओळी कशाला, असं बिसाहिनच्या दिरानं विचारलं. आत्यांनी त्याला तुळशीची गोष्ट सांगितली. औषध दिलेलं झाड जगलं म्हणजे औषधानं जगलं असं होत नाही, न दिलेलं मेलं तरच कळतं. फौजेला ऊन सोसत नाही, म्हणून सूर्य बुडायला आला की बुंध्याशी ओतायचं. रोज मी स्कूटरवर आत्यांना नेऊ शकत नव्हतो, म्हणून त्यांनी बिसाहिनला मापाचा मग दिला, चार वेळा करून दाखवलं आणि बाटल्या तिच्याकडे सोपवल्या.

फेब्रुवारीत आम्ही बाडीत गेलो तर सगळं हिरवं. लाल फितीच्या ओळी उभ्या, पांढऱ्या फितीच्याही उभ्या. बिसाहिन हसत होती, दीर हसत होता, मीही हसत होतो. आत्या तेवढ्या ओळींमधून पुन्हा पुन्हा फिरत होत्या आणि त्यांचा चेहरा उतरत चालला होता. "फरक काहीच नाही," त्या मला म्हणाल्या. "म्हणजे रोग यंदा आलाच नाही. माह्या पाण्यात काही दम नाही." बिसाहिनला मराठी कळत नाही, पण तो चेहरा कळला. ती पुढे आली आणि खाली बघत तिनं सांगून टाकलं की पांढऱ्या ओळींनाही ती रोज संध्याकाळी फौज पाजत होती. पाणी मिसळून पुरवून पुरवून, पण पाजत होती.

"तूने मेरा पूरा साल पानी में डाल दिया, बिसाहिन," आत्या म्हणाल्या. त्यांचा आवाज एवढा खाली गेलेला मी कधी ऐकला नव्हता.

बिसाहिननं माफी मागितली नाही. "एक लइका ला दवई देंव अउ दूसर ला मरन देंव?" ती म्हणाली. "मोर ले नइ होही, दीदी." एका लेकराला औषध द्यायचं आणि दुसऱ्याला मरू द्यायचं, हे तिच्यानं होणार नव्हतं.

परतताना आत्या माझ्या मागे स्कूटरवर बसल्या होत्या. सुपेल्याच्या चौकात सिग्नल लागला, चारी बाजूंनी ऑटो, टेम्पो, हॉर्न. त्या गोंधळात त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, "प्रयोग फेल झाला जी. आलू पास झाले." आणि मग हसायला लागल्या. अशा हसल्या की स्कूटर हलायला लागली आणि शेजारचा ऑटोवाला विचारू लागला, माताजी ठीक तो हैं ना. बाडी वाचली होती. दिरानं वीटभट्टीचं नाव पुन्हा काढलं नाही. पण कोणी "तुमच्या फौजेनं वाचवली" असं म्हटलं की आत्या लगेच अडवायच्या. "मले नाही माहीत. थंडीनं जंतू दबून गेला, म्हणूनही वाचली असन."

पुढच्या हंगामात त्यांनी प्रयोग आपल्याच घरामागे केला. माती रोगट होतीच. चार ओळींना फौज, एक ओळ बिनऔषधाची. या वेळी मध्ये कोणी बिसाहिन नव्हती. जानेवारीच्या शेवटी एका संध्याकाळी ड्यूटीवरून येताना मी डोकावलो. मागचं दार उघडं होतं. आत्या बिनऔषधाच्या ओळीपाशी मग घेऊन उभ्या होत्या. ओळीतल्या पहिल्या दोन झाडांनी त्याच दिवशी माना टाकल्या होत्या. आत्यांनी तिसऱ्या झाडाच्या बुंध्याशी मग तिरपा केला, मग सरळ केला, पुन्हा तिरपा केला. मी हललो नाही. बराच वेळ गेला. शेवटी त्यांनी मगातली फौज पलीकडच्या ओळीला घातली आणि आत येऊन नळाखाली कोपरापर्यंत हात धुवायला लागल्या. हात केव्हाच स्वच्छ झाले होते, तरी धूत होत्या.

"इतके वर्षं रिपोर्ट लिहिले मी, जावईबापू," त्या माझ्याकडे पाठ ठेवूनच म्हणाल्या. "नळीवर नंबर असे. त्या नंबरचं मानूस कसं होतं, वाचलं का गेलं, मी कधी जाऊन नाही पायलं. खालीच तं वॉर्ड होता. रोज चार ते पाच लोकं भेटाले येत."

मी विचारलं, "मग बिसाहिननं केलं ते बरोबर होतं म्हणायचं?"

"नाही. ते चूकच," त्या म्हणाल्या. नळ बंद केला. "पण मी तिले जे बोलली ना, तेही चूक होतं."

ती ओळ पंधरवड्यात पूर्ण गेली. बाकीच्या चार ओळींत एखाददुसरं झाड गेलं, उरलेली ऐन काढणीपर्यंत उभी राहिली. आत्या मात्र त्या संध्याकाळनंतर दुसऱ्याच दिवशी सुपेल्याला गेल्या, बिसाहिनच्या टोपल्यांशेजारी पोत्यावर बसल्या आणि दुपारपर्यंत तिच्याबरोबर भाजी विकत राहिल्या. दोघींचं काय बोलणं झालं ते आम्हाला कोणी सांगितलं नाही. संध्याकाळी मी न्यायला गेलो तेव्हा आत्या एका गिऱ्हाइकाला विचारत होत्या, "थोडा यानी कितना? पाव कि आधा?" आणि बिसाहिन तोंडावर लुगड्याचा पदर धरून हसत होती.

आता बिसाहिनच्या गावातली आणखी काही घरं फौज नेतात. जंतूही हुशार होतात, जुन्या फौजेला दाद देईनासे होतात, मग नवी भरती करावी लागते. आत्यांचे गुडघे अलीकडे वाकत नाहीत, एका डोळ्याला मोतीबिंदू आहे, बश्यांवरची भोकं माझी बायको मोजते आणि आत्या तिला दोनदा मोजायला लावतात. घरामागे मात्र दर हंगामाला एक ओळ बिनऔषधाची असतेच. त्याशिवाय नवी फौज लढते की नाही हे कळणार कसं. त्या ओळीनं माना टाकायला सुरुवात केली की आत्या रोज संध्याकाळी चार वाजता प्लास्टिकची खुर्ची ओढत मागे नेतात आणि तिच्याजवळ जाऊन बसतात. काही करत नाहीत, नुसत्या बसतात, कधी एखाद्या पानावरची धूळ पुसतात. परवा मी गेलो तेव्हा त्यांनी मला हातानंच थांबायची खूण केली.

"पाच वाजता येते जी मी आत," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आता भेटीची वेळ आहे."